कृष्णाकाठी खारं पाणी

महाबळेश्वरला कृष्णा उगम पावते तेव्हा अरबी समुद्र तिच्यापासून सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटरवर असतो. नदी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवते. वाई, माहुली, कराड, सांगली असं करत सुमारे १४०० किलोमीटर चालून ती आंध्रात हंसलादीवीपाशी बंगालच्या उपसागराला मिळते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांचं समुद्राशी नातं हे असं आहे: जवळचा समुद्र सह्याद्रीपलीकडे, आणि आपलं पाणी जातं ते भलत्याच समुद्राला. अशा मुलखात साताऱ्यातल्या एखाद्या फ्लॅटच्या हॉलमध्ये किंवा सांगलीत विश्रामबागेतल्या एखाद्या बंगल्यात खाऱ्या पाण्याची टाकी मांडून त्यात प्रवाळ आणि क्लाउनफिश सांभाळणं हा नसता उद्योग आहे, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. उद्योग नसताच आहे. पण तो नीट करता येतो, आणि नीट केला नाही तर त्यात जीव जातात. म्हणून हे पुस्तक.

पुस्तक ज्यांच्यासाठी आहे त्यातल्या बहुतेकांनी आधी गोडं पाणी सांभाळलेलं असणार. गप्पी, मॉली, गोल्डफिश, मग फ्लॉवरहॉर्न, पुढे अरोवाना, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रवास. त्या अनुभवाचा उपयोग होतो, पण एक गैरसमजही सोबत येतो: रीफ टँक म्हणजे जुनीच टाकी, फक्त पाण्यात मीठ टाकायचं. सांगलीकडच्या वाचकाच्या मनात तर याच्याही पुढचा प्रश्न असतो. मिरज, वाळवा, पलूस या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं बेसुमार पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या, बोअरचं पाणी मचूळ झालं. मग हेच खारट पाणी टाकीला का नको?

कारण खारटपणा आणि समुद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरून आणलेल्या समुद्रपाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष मांडला. पाणी कुठे जास्त खारट असेल, कुठे कमी, पण त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडे तेच असतं. वजनाने निम्म्याहून जास्त क्लोराइड, तीस टक्क्यांच्या आसपास सोडियम, मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. प्रवाळाचं शरीर या प्रमाणावर बेतलेलं आहे. क्षारपड शिवारातल्या बोअरला असं कुठलंच ठरलेलं प्रमाण नसतं. स्वयंपाकघरातलं मीठही चालत नाही, आणि खडेमीठ कितीही ‘समुद्राचं’ असलं तरी मिठागरात त्यातलं सोडियम क्लोराइड तेवढं वेगळं झालेलं असतं.

या छंदाच्या इतिहासातली दोन शहरं मला फार उद्बोधक वाटतात. पहिलं जाकार्ता. तिथल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली: समुद्रातलं पाणी, समुद्रातलेच जिवंत दगड, उघड्यावरचं ऊन आणि हवेचे बुडबुडे. बाकी काही नाही. त्यांच्या टाक्यांत प्रवाळ जगत होते, आणि त्या काळी ही नवलाची गोष्ट होती. दुसरं शहर बर्लिन. समुद्रापासून दूर, आणि जो सर्वांत जवळ तो बाल्टिक, ज्याचं पाणी प्रवाळाच्या मानाने फारच सपक. तिथल्या हौशी लोकांना आयतं काही मिळणार नव्हतं. त्यांनी पाणी मिठापासून बनवलं, फेसातून मळ काढणारा जोरदार स्किमर लावला, उन्हाची जागा प्रखर दिव्यांना दिली आणि पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात पुढे आणलेली चुन्याची निवळी कॅल्शियमसाठी वापरली. आज जगभर जिला ‘बर्लिन पद्धत’ म्हणतात ती हीच. त्याच शहरात डीट्रिश ष्टुबर यांच्या टाकीत वाढलेल्या एका अॅक्रोपोरा प्रवाळाचे तुकडे हौशी लोकांच्या हातोहात पसरले. समुद्रातून नवा प्रवाळ न काढता.

सांगलीहून रत्नागिरी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. आंबा घाटातून कॅन भरून पाणी आणता येईल, आणि तसं करायचा मोह होतोच. पण कोकणच्या किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ असतं, खाड्यांचं गोडं पाणी त्यात मिसळतं आणि पावसाळ्यात त्याची क्षारता पार उतरते. आपण बर्लिनच्या बाजूचे लोक आहोत. आपला समुद्र आणायचा नसतो, बनवायचा असतो; आणि माझ्या मते हा नियम पाण्यापुरता न ठेवता दगड, मासे, प्रवाळ या सगळ्यांना लावावा. या पुस्तकातल्या प्रत्येक शिफारशीमागे ही एकच भूमिका आहे.

सुरुवात पाण्यापासून. आपण बसॉल्टवर राहतो. या काळ्या कातळातून पाझरलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि बऱ्यापैकी सिलिका विरघळलेली असते. पिण्याला हे पाणी चांगलं, पण टाकीत गेलं की सिलिकावर डायटम नावाची सूक्ष्म शैवालं पोसली जातात आणि काच, दगड, वाळू तपकिरी होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते वेगळंच. म्हणून आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणारी डीआयची नळी. टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत पाणी घ्यायचं नाही. घरातल्या प्युरिफायरला आरओ म्हणतात खरं, पण चव यावी म्हणून बऱ्याच यंत्रांत थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं परत मिसळण्याची सोय असते. ते पाणी इथे निरुपयोगी.

आणखी एक सूचना आपल्या घरांसाठीच. तांब्याची घागर, तांब्याचं घंगाळ, पितळी नळाला लावलेली पाइप यांचा या पाण्याशी संबंध येऊ देऊ नये. माशांना जे तांबं औषध म्हणून देतात तेच कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळांना अत्यल्प प्रमाणातही मारतं. पाणी साठवायचं ते खाद्यपदार्थांच्या प्लास्टिक पिंपात.

आरओ एका लिटरमागे तीन-चार लिटर पाणी बाहेर टाकतो. सातारा शहरात कासचं किंवा सांगलीत कृष्णेचं पाणी नळाला येत असेल तर हे टाकाऊ पाणी फरशी, कपडे, शौचालय यांत जिरवता येतं. माण, खटाव, जत, आटपाडीच्या वाचकांना मात्र मी स्पष्टच सांगतो: ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याचं पाणी टँकरने येतं, तिथे हा छंद करू नये. तिथल्या हौशी माणसाने गप्पी पाळावेत, डासांचाही बंदोबस्त होईल.

मीठ रीफ टँकसाठी तयार मिळतं तेच घ्यायचं. लिटरला ३५ ग्रॅम हे समुद्राचं प्रमाण. मिठात थोडा ओलावा धरलेला असतो, म्हणून २०० लिटरच्या टाकीला साडेसात किलोच्या आसपास लागतं. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर हवा. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हे यंत्र दाखवावं लागणार नाही. मण्यात साखर किती भरली ते पाहायला त्याच्या खिशात ते असतंच. पण त्यावरची मोजपट्टी साखरेची असते, आपल्याला समुद्रपाण्याची लागते. यंत्र शून्यावर आणतानाही साध्या पाण्यावर विसंबू नये. ३५ च्या प्रमाणित द्रावणाने ते ताडून घ्यावं. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ दिसलं की पाणी तयार झालं.

दगडाच्या बाबतीत जुनी पुस्तकं ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे समुद्रातून काढलेला, जिवाणूंनी भरलेला सच्छिद्र दगड घ्यायला सांगतात. तसा दगड म्हणजे बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळाचा तुकडा, आणि आपल्याकडे तो किनाऱ्यावरून उचलणं गुन्हा ठरू शकतो. त्याऐवजी कोरडा कृत्रिम दगड विकत मिळतो. घरीही होतो: पांढरं सिमेंट आणि कोंबडीखाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा एकत्र करून, ओल्या वाळूच्या साच्यात ओतून. सिमेंटमुळे पाण्याचा पीएच फार चढतो, त्यामुळे असा दगड कित्येक आठवडे पाणी बदलत भिजवावा लागतो. घाई नसलेल्या माणसाला हे काम आवडेल. आपला काळा दगड मात्र टाळावा. तो जड असतो, भरीव असतो, आणि जिवाणूंना राहायला छिद्रंच नसली तर दगडाचा उपयोग शोभेपुरता.

ही छिद्रं एवढी का महत्त्वाची, ते नायट्रोजन चक्राच्या प्रकरणात सविस्तर येईल. इथे एवढंच: माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं त्या मानाने निरुपद्रवी. जिवाणूंची ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर टाकीत मासा सोडायचा नसतो. दुकानदार सोडायला सांगेल.

आता उन्हाळा. आपल्या दोन जिल्ह्यांत या छंदाची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि प्रवाळाला हवं असतं २४ ते २७ अंश. नेहमीपेक्षा एक-दोन अंश जास्त तापमान काही आठवडे टिकलं, तर प्रवाळ आपल्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. त्याचं बरंचसं अन्न तीच बनवत असतात. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. टाकीत ते घडायला मे महिन्यातली एक दुपार आणि बंद पडलेला पंखा पुरतो.

चिलर हा महाग आणि खात्रीचा उपाय. पण आपला उन्हाळा कोरडा आहे, आणि कोरड्या हवेत माठाचं तत्त्व फुकट मिळतं. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत मारला की बाष्पीभवन वाढतं. एक लिटर पाणी उडालं की २०० लिटरची टाकी जवळजवळ तीन अंशांनी थंड होईल इतकी उष्णता घेऊन जातं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ही युक्ती इतकी चालत नाही. पठारावर राहण्याचा हा एक खरा फायदा.

तोटा असा की पाणी उडतं, मीठ उडत नाही. रोज दोन लिटर कमी झाले आणि आपण चार दिवस लग्नाला गेलो, तर परत येईपर्यंत क्षारता ३५ वरून साडेछत्तीसवर गेलेली असते. उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घालणं ही नवख्या माणसाची हमखास चूक. तिथे फक्त शुद्ध गोडं पाणी घालायचं. रोज थोडं थोडं घातलं तर उत्तम, फ्लोट असलेला स्वयंचलित पंप लावला तर त्याहून उत्तम.

साताऱ्याच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट, जी किनाऱ्यावर लिहिलेल्या पुस्तकांत सापडायची नाही. शहराची उंची सुमारे ७०० मीटर. हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सात-आठ टक्क्यांनी कमी, आणि पाण्यात विरघळणारा ऑक्सिजनही तितकाच कमी. खाऱ्या आणि कोमट पाण्यात तो मुळातच थोडा असतो. म्हणून इथे पृष्ठभागाची खळबळ थोडी जास्त ठेवावी आणि माशांची संख्या पुस्तकी हिशेबापेक्षा कमी.

खळबळ विजेवर चालते. भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडे रीफ टँकचं नाव कुणी काढत नव्हतं ते उगाच नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे वळवून वीज करायची, आणि त्या प्रकल्पाच्या जिल्ह्यात मेणबत्त्या लावून बसायचं, हा विनोद त्या काळी सगळ्यांच्या तोंडी होता. आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, पण सांगलीकराने ऑगस्ट २०१९ विसरू नये. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि शहराचे भागच्या भाग कित्येक दिवस अंधारात होते. पाण्याचा प्रवाह थांबला की भरलेली रीफ टाकी काही तासांत गुदमरायला लागते. दिवे दोन दिवस नसले तरी चालतं, प्रवाह नसला तर चालत नाही. दहा वॅटचा डीसी वेव्हमेकर इन्व्हर्टरच्या १५० एएच बॅटरीवर थेट जोडला तर दोन-तीन दिवस सहज निघतात. टाकीच्या खर्चाचा अंदाज करताना ही बॅटरी माशांच्या आधी धरावी. नदीकाठच्या पूररेषेतल्या तळमजल्यावर टाकी मांडूच नये, हे वेगळं सांगायला नको. वरच्या मजल्यावर मांडताना वजन पाहावं: २०० लिटर खारं पाणी म्हणजे २०५ किलो, त्यात काच, दगड, वाळू आणि स्टँड. भिंतीलगत, तुळईच्या जवळ.

चुन्याच्या निवळीबद्दल थोडं. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटपासून बांधतात, त्यामुळे वाढत्या टाकीत दोन्ही घटत जातात. कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास आणि अल्कलिनिटी ८ ते ९ केएच अशी ठेवायची. संपृक्त निवळीत लिटरला दीड ग्रॅमच्या वर कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं. ती दोन्ही घटक एकदम भरून काढते. पण तिचा पीएच १२ च्या वर असल्याने थेंब-थेंब आणि शक्यतो रात्री द्यावी, कारण अंधारात टाकीचा पीएच आपोआप उतरलेला असतो. आपल्या आज्यांनी नातवंडांना जी निवळी पाजली तीच ही, मात्र चुना शुद्ध हवा. पानाच्या टपरीवरची डबी नको.

राहता राहिले जीव, आणि इथे मला जरा थांबायचं आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ साली सर्व भित्तिकारक कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ आले. सर्व समुद्री घोडेही आले. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच मालवणच्या खडकावरच्या मूठभर प्रवाळाला. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास. परदेशी प्रवाळांचा प्रश्न २०२२ च्या सुधारणेने बदलला: साइट्स कराराच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगायचे तर नोंदणी लागते, आणि तिचे नियम २०२४ मध्ये आले, नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर होते. जगातले सगळे कठीण प्रवाळ त्या यादीत आहेत. पुण्या-मुंबईच्या बाजारात थर्मोकोलच्या खोक्यातून फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचे तुकडे, मिळतात आणि ‘कागद नंतर देतो’ असं सांगितलं जातं. जिथे कागद नंतर, तिथून काही घेऊ नये. शंका असेल तर आधी जिल्ह्याच्या वनविभागाला विचारावं. त्यांना प्रश्न नवा वाटेल, पण विचारावा.

मग टाकीत ठेवायचं काय? पुष्कळ काही. कठीण प्रवाळांच्या या यादीबाहेरचे झोआन्थिड आणि मश्रूम, अर्थात तेही बिलासह. झोआन्थिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवा. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं, आणि अशा दगडाला उकळून स्वच्छ करण्याच्या नादात वाफेने अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या आहेत. मासे हॅचरीतले घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपमच्या केंद्रांत क्लाउनफिश आणि डॅमसेल यांची पैदास बसवून दिली. आपल्या राज्यातही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात अशी हॅचरी आहे. हॅचरीतला क्लाउनफिश पेलेट खातो, टाकीला सरावलेला असतो. ‘फाइंडिंग निमो’मधला दुसरा मासा, निळा टँग, फूटभर वाढतो, तो २०० लिटरमध्ये ठेवणं हा छळ आहे.

अशा टाकीला कुणी ‘खरी रीफ नव्हे’ म्हणतील. त्यांनी एकदा मालवणला जावं. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवरचे प्रवाळ तपकिरी, करडे, शेवाळी दिसतात. गढूळ पाण्यात, गाळ सोसत जगतात. निळ्या एलईडीखाली चमकणारा जांभळा-पोपटी रंग तिथे शोधू नये. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आणि त्यावर महाराष्ट्राची सर्वांत निर्मळ प्रवाळसृष्टी. तिथवर आपण जाणार नाही. रत्नागिरीला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, तिथे मात्र टाकी मांडण्याआधी जरूर जावं आणि माशांपेक्षा त्यामागच्या पंप-नळ्यांची चौकशी करावी. आधीच्या पिढीला हे सगळं पाहायला शाळेच्या सहलीतून १९५१ सालच्या तारापोरवाला मत्स्यालयापर्यंत, मुंबईला जावं लागायचं.

पुढची प्रकरणं क्रमानेच वाचावीत असं नाही. पाण्याचं आणि विजेचं आधी वाचा, दिव्यांचं सर्वांत शेवटी. दिव्यांवर पैसा सर्वांत लवकर आणि सर्वांत जास्त उधळला जातो. कामाला सुरुवात दिवाळीनंतर करावी. थंडीत चक्र सावकाश बसेल, हीटर लागेल, पण उन्हाळ्याआधी चार महिने हातात राहतात. पहिल्या एप्रिल-मेमध्ये टाकीत दगड, गोगलगायी आणि फार तर क्लाउनफिशची एक जोडी असावी. त्या दोन महिन्यांत तापमान आणि क्षारता रोज वहीत लिहावी, आठवड्याला वीस लिटर पाणी बदलावं. मृगाचा पाऊस पडून खोली थंडावली आणि वहीतले आकडे तोवर एका जागी राहिलेले दिसले, तर पहिल्या फ्रॅगची चौकशी करावी, कागदपत्रं बघून.